कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुखणाऱ्या मांड्या : गोळी सोडण्याआधी काय काय बघायचं

आषाढातली गोष्ट. खानापूरकडचे एक काका दुकानात आले. रोप लावण नुकतीच उरकलेली, नखांत अजून चिखल होता. त्यांनी काउंटरवर अर्धी कापलेली स्ट्रिप ठेवली आणि म्हणाले, "ही परत घ्या. बारा दिवस झाले, गोळी सोडलोय मी. मांड्या लई दुखत्यात. जावई म्हणाला, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं असंच होतंय."

गेली अठरा वर्षं बेळगावात मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. महिन्यातून चार-पाच जण तरी हेच वाक्य घेऊन येतात. कुणाला जावयानं सांगितलेलं असतं, कुणाला व्हॉट्सॲपनं. या माणसांना खुळचट म्हणता येत नाही, कारण या गोळ्यांनी स्नायू दुखू शकतात हे खरंच आहे. पण दुखणाऱ्या प्रत्येक मांडीमागे गोळीच असते असं नाही, आणि गोळी परस्पर सोडली तर कधी कधी दुखण्यापेक्षा मोठं संकट ओढवतं. म्हणून काकांना स्टुलावर बसवलं आणि त्यांची औषधाची पिशवी काउंटरवर ओतायला लावली. तुम्हीही घरी सुरुवात इथूनच करा.

आधी पिशवी उलटी करा

दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आपल्या भागात वर्षानुवर्षं वाद चाललाय. औषधाच्या पाकिटावर मात्र आपल्या वाचण्याजोगं ना मराठी असतं ना कन्नड. बारीक इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे घरात शाळेत जाणारं जे कुणी असेल त्याला हाताशी घ्या. मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडून द्या आणि त्याखालचं बारीक नाव वाचायला सांगा. नावाचा शेवट 'स्टॅटिन' असा होत असेल, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन, तर ती कोलेस्टेरॉलची मुख्य गोळी. (नायस्टॅटिन हे बुरशीचं औषध आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.) यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम असतं, स्टॅटिन त्याला लगाम घालतं. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात या जातीचं पहिलं द्रव्य सापडलं, तेही तांदळावर वाढणाऱ्या बुरशीत. हे ऐकून भातवाल्या काकांना जरा बरं वाटलं.

पिशवीत दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, एकाच कॅप्सूलमध्ये किती औषधं आहेत? हृदयाच्या रुग्णांना आपल्याकडे स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल सर्रास दिली जाते. घरात तिचं नाव पडतं 'कोलेस्टेरॉलची गोळी'. काकांनी सोडलेली हीच होती. त्यांना स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवून सात महिने झाले होते. मांड्यांसाठी म्हणून त्यांनी रक्ताची गुठळी रोखणारी दोन्ही औषधंही बारा दिवस बंद ठेवली होती. स्टेंट गुठळीनं बंद पडला तर थेट हार्ट अटॅक येतो. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. हे वाचताना तुमच्या घरात कुणी अशी कॅप्सूल सोडून बसलं असेल, तर पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गोष्ट खास आपल्या सीमाभागातली. इथला माणूस एका डॉक्टरवर थांबत नाही. तपासणी बेळगावात होते, मुलगा कोल्हापुरात नोकरीला म्हणून फेरतपासणी तिकडे, निपाणी-चिकोडीकडचे मिरजेला जातात, खानापूरकडचे काही गोव्याला. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी मिळते आणि जुनी घरी राहते. काकांच्या पिशवीत बेळगावच्या कॅप्सूलमध्ये रोसुव्हास्टॅटिन होतं आणि कोल्हापूरच्या चिठ्ठीवरची ॲटोर्व्हास्टॅटिन ४० वेगळी होती. तीन महिने दोन स्टॅटिन एकाच वेळी पोटात जात होती. चूक कुठल्याच डॉक्टरची म्हणता येणार नाही, कारण एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं पाहिलेलीच नव्हती. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या 'स्टॅटिन'नं संपत असतील तर दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरकडे जा.

मग दुखणं नीट ओळखा

"पाय दुखतात" एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही. मराठीत दुखण्याला शब्दांची कमी नाही, ते वापरा. ठणका आहे, की चमक? वांब येतो, म्हणजे पोटरीत गोळा येतो? मुंग्या येतात? तळवे जळजळतात? की पाय नुसते भरून येतात?

स्टॅटिनचं दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, खांदे. ते नुसतं दुखणं असेल, जडपणा असेल किंवा अशक्तपणा. साधारण गोळी सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत ते चालू होतं, किंवा डोस वाढवल्यावर, किंवा त्यात दुसरं औषध भरल्यावर. पाच वर्षं तीच गोळी, तोच डोस बिनतक्रार चालला आणि आज अचानक एकच गुडघा धरला, तर बिचाऱ्या गोळीला सोडा आणि गुडघा तपासा.

बोलायचं कन्नडमध्ये असेल तर इथे एक घोटाळा होतो. आपण "कालु नोवु" म्हणतो, म्हणजे पाय दुखतो, आणि समोरचा सांधेदुखी धरून चालतो. सांध्याला 'कीलु' म्हणतात आणि स्नायूला 'मांसखंड'. एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुरे. तेही सुचले नाहीत तर मांडीच्या मधोमध हात ठेवून दाखवा.

स्टॅटिनसारखीच दिसणारी पण वेगळी असणारी दुखणी अशी:

चालताना पोटरी धरते, दोन मिनिटं थांबलं की सुटते, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा धरते. हे पायाच्या रक्तवाहिनीत चरबी साचल्याचं लक्षण असू शकतं. म्हणजे ज्या रोगासाठी गोळी हवी त्याच रोगाचा दोष आपण गोळीवर टाकतो. यात गोळी सोडणं उलट्या दिशेनं जाणं झालं.

तळव्यांची आग आणि मुंग्या. मधुमेह असेल तर आधी मज्जातंतूंकडे बघायचं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी माणसांत, बी-१२ कमी पडतं आणि तेव्हाही असंच होतं.

आणि थायरॉईड. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण थायरॉईड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्याच्यामुळेच वाढतं, अंगही त्याच्यामुळेच दुखतं, आणि वर स्टॅटिन घेतलं की स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही वाढते. टीएसएच या थायरॉईडच्या एका रक्ततपासणीत तिन्हींचा उलगडा होऊ शकतो. वजन वाढतंय, थंडी सोसवत नाही, केस गळतात असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ड जीवनसत्त्वाची कमतरताही आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, आणि तीही अंगदुखीच देते.

किती जणांना खरंच होतं?

गिऱ्हाईक हे विचारतंच. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठं विश्लेषण आलं. कोण खरी गोळी घेतोय आणि कोण नुसती दिखाऊ (आत औषधच नसलेली), हे कुणालाच माहीत नव्हतं अशा १९ चाचण्यांतली सव्वा लाखाच्या आसपास माणसं त्यात होती. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी कधी ना कधी स्नायू दुखल्याचं किंवा अशक्तपणाचं सांगितलं. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हाच आकडा होता २६.६ टक्के. गोळीमुळे वाढलेलं दुखणं मुख्यतः पहिल्या वर्षात दिसलं, हजारात सुमारे ११ जणांना.

त्याआधी २०२० मध्ये इंग्लंडमध्ये, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक प्रयोग झाला. वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने दिखाऊ, चार महिने काहीच नाही, आणि रोजच्या त्रासाला गुण द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी त्रास ८, दिखाऊ गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. म्हणजे त्रास गोळी गिळण्यानं वाढला, पण त्यातला ९० टक्के भाग दिखाऊ गोळीनंही तसाच आला. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ मुळीच नाही. मनात धास्ती बसली की शरीर प्रत्येक कळ मोजायला लागतं. स्वतःचे आकडे पाहून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

म्हणून एक वही करा, महागडी नको, शाळेची चालेल. रोज रात्री झोपण्याआधी चार खुणा: आज दुखणं दहापैकी किती, कुठे, आज अंगमेहनत काय केली, आणि आज कुठलं नवं औषध घेतलं. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरपुढे ठेवली की तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं. काकांनी मागचं आठवून लिहिलं तेव्हा दिसलं की मांड्या धरल्या त्या लावणीच्या पहिल्याच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात गजकर्णाच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या.

गजकर्णाची गोळी, खोकल्याची गोळी

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे बराचसा धोका टाळता येतो.

पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्णाचा सुळसुळाट असतो आणि त्यावर इट्राकोनाझोल दिलं जातं. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन शरीरातून बाहेर काढणारी जी यंत्रणा आहे, तिला हे औषध अडवतं. मग रोजचीच गोळी रक्तात कितीतरी पट साठते. घसा-छातीच्या जंतुसंसर्गासाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांचंही तसंच. सिम्व्हास्टॅटिनसोबत ही तिन्ही औषधं चालतच नाहीत. ॲटोर्व्हास्टॅटिन असेल तर डोस कमी ठेवावा लागतो, किंवा तो कोर्स संपेपर्यंत डॉक्टर ती थांबवतात. इट्राकोनाझोल कोर्स संपल्यावरही काही दिवस अंगात रेंगाळतं, त्यामुळे पुन्हा कधी सुरू करायची तेही डॉक्टरांनाच विचारा. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी येत नाही. तिची कुरबुर वेगळी: ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध तिच्यासोबत घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. गोळी आधी घ्या, पातळ औषध दोन तासांनी.

गाऊटसाठीचं (युरिक ॲसिडनं सांधे सुजतात तो आजार) कोल्चिसिन, ट्रायग्लिसराइडसाठीचं (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) जेमफायब्रोझिल, रक्तदाब-हृदयासाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, यांपैकी काही चालू असेल तर स्टॅटिन देणाऱ्याला ते माहीत हवं. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन तर घरोघरी असते. तिच्यासोबत सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. हे नियम उगाच आलेले नाहीत. सेरिव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून माणसं दगावली होती, आणि त्यांतले बरेच जण सोबत जेमफायब्रोझिल घेत होते.

स्टॅटिनसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नका हा इशारा इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. ते आपल्या बाजारात क्वचितच दिसतं, पण पपनस त्याच्याच कुळातलं. गणपतीत एखादी फोड खाल्ली म्हणून काही होत नाही, रोज वाटीभर मात्र नको. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांविषयी माझं मत कडक आहे: त्यात नेमकं काय मिसळलंय हे ना विकणाऱ्याला सांगता येतं ना मला. दारूबद्दलही डॉक्टरांना खरं ते सांगा, यकृत आणि स्नायू दोन्हींशी तिचा संबंध आहे.

थांबायचं नाही अशी लक्षणं

लघवी कोऱ्या चहासारखी किंवा त्याहून काळी होते, आणि सोबत सगळे स्नायू ठणकतात किंवा उकिडवं बसलेलं उठवत नाही: हे स्नायू विरघळायला लागल्याचं लक्षण असू शकतं. हे फार क्वचित होतं, वर्षभरात दहा हजार रुग्णांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी, पण त्यात किडनी निकामी होऊ शकते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. बेळगावात असाल तर सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. जाताना पाकिटं बरोबर न्या. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय: यकृताची शंका, त्याच दिवशी दाखवा. तोंड-ओठ सुजले, धाप लागली तर ॲलर्जी, एक मिनिटही दवडू नका.

डॉक्टर काय करतील

बहुधा सीपीके ही रक्ततपासणी सांगतील, स्नायूंना इजा झाली की तिचा आकडा वाढतो. तिच्या आधी दोन-तीन दिवस जड काम टाळा. दिवसभर लावण, ऊसतोड किंवा तालमीतली मेहनत करून रक्त दिलं तर आकडा एरवीही चढतो. गावातल्या दवाखान्यात कमरेत घेतलेल्या दुखण्याच्या इंजेक्शनानंही चढतो, तेव्हा तेही सांगा. आकडा कमाल मर्यादेच्या दहापटीवर गेला तर गोळी ताबडतोब बंद होते. त्याहून कमी असेल तर त्रास किती आहे ते पाहून ठरवतात.

पुढची नेहमीची वाट अशी. गोळी दोन ते चार आठवडे थांबवायची आणि दुखणं जातं का ते वहीत पाहायचं. गेलं नाही तर गोळी निर्दोष. गेलं तर तीच गोळी कमी डोसात किंवा दुसरं स्टॅटिन सुरू करून पुन्हा पाहायचं. रोसुव्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ राहतात, म्हणून काहींना एक दिवसाआड देऊनही भागतं. डोस निम्मा केला तर फायदाही निम्मा होईल ही भीती नको: डोस दुप्पट केल्यावर वाईट कोलेस्टेरॉल साधारण ६ टक्केच आणखी उतरतं, म्हणजे निम्मा केल्यानं जातं तेही तेवढंच. ते एझेटिमाइबची (कोलेस्टेरॉलचीच, पण स्टॅटिन नसलेली) छोटी गोळी जोडून भरून काढता येतं. हे सगळं डॉक्टरांच्या हातून व्हायला हवं, एवढं सांगून पुढे जातो.

को-एन्झाइम क्यू-१० या पूरक गोळीविषयीही विचारतात. मी ते विकतो, तरी सांगतो: महाग आहे आणि स्नायूदुखीवर त्याचा पक्का पुरावा नाही.

साखर, यकृत आणि बाकीचं

स्टॅटिननं साखर थोडी वाढते, हे खरं आहे. २०१० साली १३ चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा: २५५ जणांना चार वर्षं स्टॅटिन दिलं तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. तोही बहुधा अशाला, ज्याची साखर आधीच काठावर होती. आपल्याकडे काठावरचे लोक भरपूर, आपला बेळगावचा गोड कुंदा समोर आला की नाही म्हणणारे कमी, त्यामुळे गोळी सुरू करताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघून ठेवा आणि वर्षाला एकदा बघत जा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसानं मात्र साखरेच्या भीतीनं स्टॅटिन सोडणं मला तरी तोट्याचा सौदा वाटतो.

एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधी एकदा करून ठेवावी. शंभरात एखाद्याचा तिचा आकडा कमाल मर्यादेच्या तिपटीवर जातो आणि डोस कमी केला की बहुधा खाली येतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१२ पासून दर थोड्या दिवसांनी नेमानं यकृत तपासायची अट काढून टाकली. लक्षणं दिसली तर तपासायचं. विसराळूपणाच्या तक्रारीही येतात, त्या क्वचित असतात आणि गोळी थांबवल्यावर सहसा जातात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा गोळी थांबवतात.

स्टॅटिन सोडून इतर औषधांचं थोडक्यात. ट्रायग्लिसराइडसाठीचं फेनोफायब्रेट जेवणासोबत घ्यायचं. त्यानं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं चढू शकतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. एझेटिमाइबनं कुणाकुणाला पोट ढिलं होतं. बेम्पेडोइक ॲसिड या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं युरिक ॲसिड वाढतं, गाऊटवाल्यांनी सांभाळून. कोलेस्टेरॉलच्या महागड्या इंजेक्शनांचा त्रास बहुतेक टोचल्या जागेच्या लालीपुरता असतो.

दुष्परिणाम झाला असं खरंच वाटलं तर त्याची नोंद सरकारकडे करता येते. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतो. सीमाभागात एकच कागद दोन्ही भाषांत मिळण्याचा योग तसा विरळाच.

काकांचं पुढे असं झालं. डॉक्टरांनी गुठळी रोखणारी दोन औषधं वेगळ्या गोळ्यांत त्याच दिवशी सुरू केली आणि दोन्ही स्टॅटिन गजकर्णाचा कोर्स निस्तरेपर्यंत थांबवली. सीपीके वाढलं होतं, पण धोक्याइतकं नव्हतं. पाच आठवड्यांनी एकटं रोसुव्हास्टॅटिन, कमी डोसात. गणपतीच्या आधी ते पुन्हा दुकानात आले, बगलेत वही. दुखण्याचे आकडे ७, ७, ६ असे सुरू होऊन खाली उतरत २ वर आले होते, आणि मध्ये एका ओळीत लिहिलं होतं, 'आज भात भांगललो, तरी ३.'

"कोल्हापूरच्या डॉक्टरांनापण हीच वही दाखवलो," काका म्हणाले. मग खिशातून ती अर्धी स्ट्रिप काढून पुन्हा काउंटरवर ठेवली. "ही तेवढी परत घ्या की."